संगणकाचा जीर्णोद्धार

जुनें झालें म्हणून टाकून द्यावें कीं दुरुस्त करून वापरावें, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढें नव्या रूपानें उभा राहतो. आपल्या आजोबांपुढें तो नांगर, मोट व भिंतीवरचें घड्याळ यांविषयीं होता. आपल्यापुढें तो संगणकाविषयीं आहे. शाळेच्या एखाद्या बंद खोलींत, ग्रामपंचायतीच्या कपाटावर, किंवा पुण्यास नोकरी करणाऱ्या चुलत्याच्या माळ्यावर असा एखादा संगणक धूळ खात पडलेला असतो. त्याचा पडदा धड असतो, कळफलक धड असतो, पेटीही धड असते. परंतु ‘प्रोसेसर जुना झाला’ एवढा एकच शेरा मारून त्यास मोडीच्या वाटेस लावण्यांत येतें. हा शेरा मारण्यापूर्वीं नीट विचार व्हावा, शक्य तेथें जुन्या संगणकास अधिक समर्थ प्रोसेसर शोधून बसवावा, आणि हा शोध विद्यार्थ्यांच्या हातून घडावा, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. त्या मताचीं कारणें व त्याच्या मर्यादा यांचा येथें क्रमानें विचार करूं.

जीर्णोद्धार म्हणजे काय, हें आंबेगांव-जुन्नरकडच्या मुलांस सांगावयास नको. भीमाशंकरचें देऊळ त्यांनीं पाहिलेलें असतें. मूळ स्थान पुरातन. शिखराचें काम मात्र अठराव्या शतकांत नाना फडणिसांनीं करविलें, असें सांगतात. तेथील मोठी घंटा तर पोर्तुगीज घडणीची आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, त्या वेळीं तेथून आलेल्या घंटांपैकीं ती एक, अशी प्रसिद्धि आहे. चर्चसाठीं ओतलेली घंटा सह्याद्रीच्या माथ्यावरील शिवालयांत आली. धातू तोच, नादही तोच, जागा मात्र निराळी. जुन्या वास्तूस नवा भाग जोडणें, अगर एका ठिकाणचा भाग दुसऱ्या ठिकाणीं उपयोगास आणणें, हें आपल्या पूर्वजांस कमीपणाचें वाटलें नाहीं. तोच न्याय यंत्रांस कां लावूं नये?

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणकांतील सर्व आज्ञा एकामागून एक वाचून त्याप्रमाणें आंकडेमोड व हालचाल करणारी जी एक लहानशी चिप, ती प्रोसेसर होय. पुष्कळशा जुन्या संगणकांत ती मदरबोर्डास झाळलेली नसून सॉकेट नांवाच्या बैठकींत बसविलेली असे. तिला पाय असतात; प्रत्येक पायाचें काम ठरलेलें असतें. कोणी विजेचा, कोणी पत्त्याचा, कोणी माहितीच्या देवघेवीचा. दुसऱ्या एखाद्या चिपचे पाय त्याच क्रमानें व त्याच कामाचे असतील, तिला तींच आज्ञावचनें समजत असतील, आणि तिला लागणारा विजेचा दाबही तोच असेल, तर एक काढून दुसरी बसवितां येते. जुन्या संगणकास नवा प्रोसेसर शोधणें म्हणजे या तीन अटी पुऱ्या करणारी चिप शोधणें होय. यांत जादू कांहीं नाहीं. काळजी मात्र पुष्कळ आहे.

इतिहासांतील उदाहरणें पाहिलीं म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. आय.बी.एम. कंपनीचा प्रसिद्ध वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्यें विक्रीस आला. त्यांत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याची गति ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास सुमारें सत्तेचाळीस लक्ष सत्तर हजार स्पंद, इतकी होती. पुढें १९८४ सालीं जपानच्या एन.ई.सी. कंपनीनें व्ही-२० नांवाची चिप काढली. तिचे चाळीस पाय ८०८८ च्या पायांशीं जुळत. म्हणून जुनी चिप उपसून तिच्या जागीं ही बसविली, तर बहुतेक आज्ञावल्या पूर्वींप्रमाणेंच, पण अधिक वेगानें चालत. स्पंद तेवढेच असतां वेग वाढे, कारण गुणाकार-भागाकार व पत्ता काढण्याचें काम ही चिप थोड्या स्पंदांत उरकीत असे. इंटेलनें या बाबतींत न्यायालयांत तक्रार केली होती, परंतु एन.ई.सी.नें नक्कल केलेली नाहीं असा निर्णय अमेरिकेंतील न्यायालयानें १९८९ सालीं दिला. काम तेंच, पण तें करण्याची रीत स्वतः शोधून काढलेली, हा भेद विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे. परीक्षेंतही शेजाऱ्याचें उत्तर जुळणें निराळें, आणि उतरून घेणें निराळें.

पुढील दहा वर्षांत हा मार्ग रुंद झाला. इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर १९८५ सालीं निघाला. १९९२ मध्यें सायरिक्स कंपनीनें त्याच्याच बैठकींत बसणारी ४८६-डीएलसी ही चिप काढली. तिच्या पोटांत एक किलोबाइट इतकी लहान ‘कॅश’ स्मृति होती. एखादा कारकून वरचेवर लागणारे आंकडे मेजावरच्या चिठ्ठीवर टिपून ठेवतो, म्हणजे दर वेळीं दप्तरखान्यांत जावें लागत नाहीं. तसाच हा प्रकार. परंतु येथें एक पेंच होता. जुन्या मदरबोर्डास या चिठ्ठीची कल्पनाच नसे. डिस्ककडून आलेली माहिती प्रोसेसरास न विचारतां मुख्य स्मृतींत परस्पर लिहिली गेली, कीं चिठ्ठीवरचा आंकडा जुना राही आणि हिशेब चुके. म्हणून ही कॅश केव्हां चालू व केव्हां बंद ठेवावयाची, यासाठीं स्वतंत्र आज्ञावली चालवावी लागे. नवा माणूस हुशार असला तरी कचेरीची पद्धत त्यास सांगावी लागते, त्यांतलेंच हें.

८०४८६ च्या काळांत तर इंटेलनें स्वतःच ‘ओव्हरड्राइव्ह’ नांवानें असे बदली प्रोसेसर विकले. मदरबोर्डाचा स्पंद तोच ठेवून चिपच्या आंत तो दुप्पट करावयाचा, ही त्यांतली युक्ति. १९९५ मध्यें ए.एम.डी. कंपनीनें ५-एक्स-८६ ही चिप काढली; ती बाहेरील ३३ मेगाहर्ट्झ स्पंद आंत चौपट करून १३३ मेगाहर्ट्झवर चाले. मात्र जुन्या ४८६ च्या बैठकींत पांच व्होल्ट येत, आणि या नव्या चिपला साडेतीन व्होल्टांच्या आंतच वीज लागे. दोहोंमध्यें दाब उतरविणारी लहानशी पट्टी न घालतां ती बसविली, तर चिप तापून निकामी होण्याची भीति. आकार जुळला म्हणजे सर्व जुळलें, असें समजणाराची येथें फसगत होते.

याच संदर्भांत एक गोष्ट आपल्या जिल्ह्यास भूषणावह म्हणून सांगतों. १९९३ सालीं निघालेल्या पेंटियम प्रोसेसरच्या घडणीशीं ज्यांचें नांव निगडित आहे, त्या विनोद धाम यांचा जन्म १९५० सालीं पुण्यांत झाला. ज्या चिपला आपण परदेशी जादू समजतों, तीमागें आपल्यासारख्याच गांवांत जन्मलेल्या माणसाची बुद्धि असूं शकते.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणेल, नवा बैल जुन्या गाड्यास जुंपून काय उपयोग? चाकोरी तीच, आंस तोच. बैल कितीही तेजस्वी असला तरी गाडा तेवढाच धांवणार. हा आक्षेप बराचसा खरा आहे. प्रोसेसर चौपट वेगवान झाला तरी स्मृति, डिस्क व त्यांना जोडणारा रस्ता पूर्वींचाच राहतो, त्यामुळें सर्व काम चौपट वेगानें होत नाहीं. कित्येक वेळां स्मृति वाढविल्यानें अगर जुनी फिरती डिस्क काढून चकतीविरहित डिस्क घातल्यानें जो गुण येतो, तो प्रोसेसर बदलून येत नाहीं. म्हणून प्रथम दुखणें कोठें आहे तें पाहावें व मग औषध द्यावें. परंतु दुखणें कोठें आहे हें पाहण्यासाठींच संगणक उघडावा लागतो, त्याचे भाग ओळखावे लागतात, मोजमाप घ्यावें लागतें. आणि हेंच तर शिक्षण आहे!

दुसरा आक्षेप असा कीं, हल्लीं खिशांतल्या मोबाइलमध्यें त्या जुन्या संगणकाच्या हजारोंपट शक्ति आहे. मग ही यातायात कशाला? त्यास उत्तर असें कीं, मोबाइल आपणांस वापरतां येतो, उघडतां येत नाहीं. त्याचा प्रोसेसर झाळलेला, बॅटरी चिकटविलेली, आणि कवच बंद केलेलें असतें. ज्या यंत्राच्या आंत पाहतां येत नाहीं, त्याविषयीं मनांत एक तर भीति उत्पन्न होते, नाहीं तर भक्ति. ज्ञान उत्पन्न होत नाहीं. विहिरीवरील पंप बिघडला तर आपल्याकडचा शेतकरी पाना घेऊन स्वतः बसतो. त्याच्याच मुलानें संगणकापुढें मात्र हात जोडून उभें राहावें, हें योग्य नव्हे.

तिसरा आक्षेप अगदीं उलट बाजूनें येतो. जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे म्हणतात, मूळ प्रोसेसर काढल्यानें त्या यंत्राचें ऐतिहासिक मोल नाहींसें होतें. हा आक्षेप आदरानें ऐकला पाहिजे. १९८१ सालचा संगणक १९८१ सालाप्रमाणेंच चालतांना पाहणें, हाही एक लाभ आहे. परंतु सॉकेटांतील बदल हा उलटवितां येणारा बदल आहे. काढलेली चिप स्थिरविजेपासून जपणाऱ्या पिशवींत घालून, त्यावर तारीख व यंत्राचें नांव लिहून त्याच पेटींत ठेवावी. पुढील पिढीस वाटलें तर ती पुन्हां बसवील. जेथें कापल्यावांचून अगर झाळल्यावांचून बदल होत नाहीं, आणि यंत्र दुर्मिळ आहे, तेथें मात्र हात लावूं नये.

आपल्या प्रांतांत या तत्त्वाचीं दोन थोर उदाहरणें आहेत. पुण्याची सी-डॅक ही संस्था १९८८ सालीं स्थापन झाली. महासंगणक बाहेरून मिळण्यांत अडचणी आल्यावर तो येथेंच करावयाचें ठरलें, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. त्यांत ट्रान्सप्यूटर नांवाचे प्रोसेसर होते. प्रत्येक ठाण्याची गणनशक्ति अपुरी पडते असें दिसून आल्यावर त्या संस्थेनें सारी रचना मोडली नाहीं. ट्रान्सप्यूटर निरोप पोंचविण्याच्या कामीं ठेवून जड गणितासाठीं इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर जोडला, आणि ‘परम ८६००’ सिद्ध केला. याच संस्थेच्या जिस्ट कार्डाचें मूळ कानपूरच्या आय.आय.टी.मधील संशोधनांत होतें. तें साध्या इंग्रजी संगणकांत खोंचलें कीं पडद्यावर देवनागरी अक्षरें उमटूं लागत. रिकामी खांच ठेवण्याची दूरदृष्टि मूळच्या रचनाकारांनीं दाखविली नसती, तर तीं यंत्रें मराठी शिकलीं नसतीं.

दुसरें उदाहरण तर आपल्या अंगणांतलें. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, जी.एम.आर.टी., प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेंतून साकार झाली. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारें पंचवीस किलोमीटरच्या टापूंत पसरलेल्या आहेत. या थाळ्यांनीं टिपलेल्या लहरी एकत्र करून त्यांचें गणित करण्यासाठीं प्रारंभीं खास घडविलेल्या चिपांचें यंत्र होतें. २०१० च्या सुमारास त्याचें काम बाजारांत मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहाकडे सोंपविण्यांत आलें; पुढें चित्र-प्रोसेसरांची जोड देऊन एका वेळीं ऐकतां येणारा लहरींचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यांत आला. थाळ्या त्याच राहिल्या. नवें ग्राहक, नव्या जोडण्या व नवे प्रोसेसर यांच्या योगानें त्याच दुर्बिणीस आकाश अधिक स्पष्ट दिसूं लागलें. देशांतील नामांकित शास्त्रज्ञांस जें शहाणपणाचें वाटलें, तें आपल्या शाळेस कंजूषपणाचें वाटण्याचें कारण नाहीं.

मग असे प्रोसेसर शोधावे कोठें? पुण्याचा जुना बाजार बुधवारीं व रविवारीं भरतो. मुंबईस लॅमिंग्टन रोड आहे. तेथें मोडींत आलेल्या मदरबोर्डांच्या राशींत कामाची चिप मिळण्याचा संभव असतो. परंतु तीन गोष्टी सांभाळाव्या. एक, चिपवरील अक्षरें नीट वाचावीं. कांहीं लबाड लोक वरचा थर घांसून अधिक वेगाचा आंकडा छापतात. पृष्ठभागावर ओरखडे असतील, छपाई वेडीवांकडी असेल, तर घेऊं नये. दोन, मदरबोर्डाची माहितीपुस्तिका आधीं मिळवावी. कोणते प्रोसेसर चालतात व कोणत्या ठिकाणच्या लहान टोप्या हलवाव्या लागतात, हें तींत दिलेलें असतें. तीन, जुन्या मदरबोर्डावरील घड्याळाची बॅटरी प्रथम पाहावी. निकेल-कॅडमियमची जुनी बॅटरी गळून तिचा क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. भीमाशंकरच्या पावसाळ्यांत, जेथें पुस्तकांच्या पुठ्ठ्यांससुद्धां बुरशी येते, तेथें हा रोग लवकर बळावतो. बॅटरी गळून बोर्डच खराब झाला असेल, तर उत्तम प्रोसेसर आणूनही पैसे पाण्यांत जावयाचे.

येथवर जुन्या नामांकित यंत्रांविषयीं लिहिलें. परंतु खरा प्रश्न आजच्या शाळांचा आहे. २००४ नंतरच्या कांहीं वर्षांत आलेल्या पुष्कळ संगणकांत एल.जी.ए. ७७५ नांवाचें सॉकेट असे. त्याच बैठकींत एका गाभ्याचा पेंटियम-४ बसे, आणि पुढें निघालेला चार गाभ्यांचा कोअर-२ क्वाडही बसे. मात्र मदरबोर्डाची मूळ आज्ञावली व वीजपुरवठा त्यास अनुकूल पाहिजे. अशा संगणकास मोडींतील प्रोसेसरानें पुन्हां बळ येऊं शकतें. उलट त्यानंतरच्या ११५१ पायांच्या सॉकेटांत आठव्या पिढीचा प्रोसेसर दिसावयास बरोबर बसतो, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डावर तो चालावयाचा नाहीं, अशी व्यवस्था करण्यांत आली. ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ च्या नियमाप्रमाणें इंटेलचे साधारणतः आठव्या पिढीच्या आधींचे प्रोसेसर अपात्र ठरले. यंत्र बिघडलें नाहीं, काम करीत होतें. परंतु कागदावर म्हातारें झालें. आहुपे-पाटणच्या दऱ्यांतून येणाऱ्या मुलाला जो एकुलता एक संगणक हाताळावयास मिळतो, तो अशाच यंत्रांपैकीं असण्याचा संभव अधिक. तो निकालांत काढला, कीं नवा येईपर्यंत त्या मुलाचीं शाळेचीं वर्षें संपून जातात. शहरांतील मुलास वर्ष-दोन वर्षांचा खोळंबा जाणवत नाहीं; याला तो जन्मभर जाणवतो.

म्हणून शाळांनीं पुढीलप्रमाणें करावें, अशी नम्र सूचना आहे. प्रत्येक संगणकाची एक नोंदवही असावी. तींत प्रोसेसर, सॉकेट, स्मृति व डिस्क यांची नोंद विद्यार्थ्यांनीं स्वहस्तें करावी. निकालांत काढण्यापूर्वीं यंत्र एकदां शिक्षकांसमक्ष उघडावें. प्रोसेसर बदलण्याजोगा असेल तर बदलावा. नसेल तर स्मृति व डिस्क वाढवून, लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून पाहावी. तिचेंही बंधन असतेंच. ८०३८६ साठींचा आधार लिनक्सच्या गाभ्यानें २०१३ पासून काढून टाकला. पण तो प्रोसेसर निघाल्यास त्या वेळीं सत्तावीस वर्षें होऊन गेलीं होतीं, हें विसरूं नये. दोन मेलेल्या संगणकांचे भाग घेऊन एक जिवंत करावा. आणि जें खरोखर निरुपयोगी ठरेल, तें भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकतां नोंदणीकृत पुनर्वापर-केंद्राकडे द्यावें. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेले ई-कचऱ्याचे नियम हेंच सांगतात. उघड्यावर तारा जाळून तांबें काढणाऱ्या मुलांच्या छातींत जो धूर जातो, त्याचा हिशेबही आपल्याच खात्यावर पडतो.

सर्वच जुने संगणक वांचवितां येतील असें नाहीं, आणि वांचवावे असेंही नाहीं. फार वीज खाणारें व थोडें काम करणारें यंत्र केवळ प्रेमापोटीं चालू ठेवणें हा शहाणपणा नव्हे. परंतु निर्णय करण्यापूर्वीं पाहणें हें आपलें कर्तव्य आहे. विद्यार्थी बंधुभगिनींनो, पुढील सत्रांत तुमच्या शाळेंतील एखादा ‘जुना’ म्हणून बाजूस ठेवलेला संगणक गुरुजींच्या परवानगीनें उघडा. वीज तोडून, हात धातूच्या पेटीस लावून स्थिरवीज उतरवून, मग झांकण काढा. मधोमध पंख्याखालीं जी चौकोनी चिप दिसेल, तिच्यावरील अक्षरें वहींत उतरून घ्या आणि तिच्या बैठकींत आणखी कोण बसूं शकेल याचा शोध घ्या. तो शोध यशस्वी झाला तर शाळेस एक संगणक मिळेल; न झाला तरी संगणक म्हणजे काय, हें तुम्हांस पुस्तकापेक्षां अधिक चांगलें कळलेलें असेल.